लोखंडी हंसाची फिर्याद

कुंभकोणम्,
आषाढ, बुधवार

ती. सौ. अक्का यांस,

चंद्रमौलीचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. प्रत्यक्ष घातला तर उजवा गुडघा पुन्हा उठू देत नाही.) दाजींना वेगळा नमस्कार, चि. सौम्येस आशीर्वाद. तुमची कंबर कशी आहे, दाजींचा खोकला पुण्याच्या थंडीबरोबर गेला की उन्हाळ्यातही राहिला, सौम्येच्या नव्या घरात नळाला पाणी दोन्ही वेळा येते का, हे सर्व विचारायचे होते. इकडचे क्षेम ठीक. तिकडचे तुम्ही कळवत नाही म्हणून कळत नाही.

पत्राचे कारण असे की तुम्ही माझा फोन उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मी पाठवलेल्या सत्तावीस निरोपांवर दोन-दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तुम्ही वाचता आणि गप्प बसता. (एकतीस वर्षे मी कचेरीत तक्रारींच्या खिडकीत बसलो. अर्ज वाचून गप्प बसणे म्हणजे काय ते मला शिकवायला नको.) पत्राला निळ्या खुणा येत नाहीत. तेव्हा निदान शेवटपर्यंत वाचावे. जे घडले ते जसेच्या तसे लिहितो, माझी बाजू मांडण्यासाठी एक अक्षरही वाढवत नाही.

तुम्ही पुण्याला गेल्याला चौतीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत माहेराकडे तुम्ही लुगडे मागितले नाही, लोणचे मागितले नाही, आईच्या भांड्यांतला वाटासुद्धा मागितला नाही. फाल्गुनात पहिल्यांदा मागितलेत. सौम्येच्या घराची वास्तुशांत आहे, मामाने आणलेली नाचियारकोविलची समई तिथे लागली पाहिजे, तीन फुटी, वर हंस असलेली, आणि पायावर तिचे नाव मराठीत घातलेले. मी त्याच क्षणी हो म्हटले. यात कठीण काय होते? नाचियारकोविल आमच्यापासून पाच-सहा मैल. बसमध्ये बसले की अर्ध्या तासात ओतकामाच्या भट्ट्यांचा धूर दिसतो. तुमची भावजय मीनाक्षी म्हणाली, मंगळवारी सकाळी जाऊन या, ऊन चढायच्या आत परत याल.

मी गेलो नाही. कारण बालाजीने मला नवा फोन दिला होता. (मुलगा चांगला आहे, पण बेंगळुरूत राहून त्याला वाटते की बाप घरात बसून कंटाळतो. कंटाळत नव्हतो. खुर्चीत बसून विचार करत होतो.) त्या फोनमध्ये एक दुकान आहे. दुकानाचे नाव लिहीत नाही, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्यात मला समईचे चित्र दिसले. तीन फूट, हंस, खाली मोठ्या अक्षरांत ‘अस्सल पितळ, नाचियारकोविलच्या कारागिरांची’, आणि वर लाल पट्टीत चाळीस टक्के सूट. बोट एकदा दाबले की नाचियारकोविल घरी येणार असताना मी उन्हात बसच्या दांड्याला लोंबकळत कशाला जाऊ? मीनाक्षी एवढेच म्हणाली, “सहा मैलांवरचा दिवा उत्तरेकडून मागवणार का?” मी तिला समजावले की जग बदलले आहे. ती आत गेली.

नवव्या दिवशी खोका आला. आकार पाहूनच मला शंका यायला हवी होती, कारण तो मीनाक्षीच्या पोळपाटाएवढा होता. उघडला तर आत केस कुरळे करण्याचे यंत्र. अक्का, तुम्ही मला अखेरचे पाहिलेत तेव्हा माझ्या डोक्यावर जे काही होते, तेही आता नाही. तरी मी रागावलो नाही. चूक कोणाचीही होते. पण ते यंत्र परत नेणारा माणूस यायला पाच दिवस आणि त्यानंतर खरी वस्तू निघायला सहा दिवस लागले. वास्तुशांत मात्र तिच्या ठरल्या दिवशीच येत होती.

शेवटी समई आली. मोठी, पिवळीधमक, तुकडे जोडायच्या फिरक्यांसकट. मी ती दिवाणखान्यात उभी केली आणि तुम्हाला फोटो पाठवला. तुम्ही उलट ‘सुरेख’ असे लिहिलेत. तो तुमचा मला आलेला शेवटचा लेखी शब्द, मी जपून ठेवला आहे. हंसाची मान थोडी कावळ्यासारखी वाटत होती खरी, पण मी म्हटले, कारागिराची लहर.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन मी मोठ्या रस्त्यावर भांड्यांवर नावे घालणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. कागदावर मोठ्या अक्षरांत ‘सौम्या’ असे लिहून दिले. त्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारले, “हे वाचता कुणाला येतं?” मी म्हटले, “पुण्यात येतं.” त्याने छिन्नी लावली, हातोडी मारायला सुरुवात केली. ‘स’ झाला, काना झाला, वरच्या दोन मात्रा झाल्या, आणि एक पिवळी खपली उडून माझ्या चष्म्यावर बसली. खाली काळे दिसले. म्हाताऱ्याने छिन्नी खाली ठेवली.

“अय्या,” तो म्हणाला, “पितळ सोलत नाही. हे लोखंड आहे.”

त्याने मजुरी घेतली नाही, त्यावरून मला प्रकरणाचे गांभीर्य कळले. तेव्हापासून त्या समईवर फक्त ‘सौ’ आहे. म्हणजे बाई सौभाग्यवती झाल्या आणि पुढचे नाव लागायच्या आतच खोट्या ठरल्या.

घरी येऊन मी फ्रिजच्या दाराला लावलेले लोहचुंबक काढले (तुम्हीच दिलेले, शनिवारवाड्याचे) आणि हंसाच्या पोटाजवळ नेले. ते माझ्या हातातून उडी मारून चिकटले. मीनाक्षी दारात उभी राहून पाहत होती. ती काही बोलली असती तर मी उत्तर दिले असते. ती तांदूळ धुवायला गेली.

मग मात्र मी नाचियारकोविलला गेलो. तिथे एकांबरम् पत्तर म्हणून समया ओतणारे जुने कारागीर आहेत, त्यांच्यापुढे समई ठेवली. त्यांनी ती उचलली, नखाने टिचकी मारली, हंसाकडे बराच वेळ पाहिले. हा आवाज आमच्या गावचा नाही, म्हणाले. मी विचारले, निदान वापरता येईल का? ते म्हणाले, “तेल घातलंत तर गंजेल. नाही घातलंत तर पुष्कळ वर्षं टिकेल.” तिथल्या तिथे नवी मिळाली असती तर प्रश्नच मिटला होता. पण नवी तीन फुटी समई म्हणजे मातीचा साचा, ओतकाम, कातकाम, घासकाम, त्यात लग्नसराईच्या मागण्या. सहा आठवडे. वास्तुशांतीला राहिले होते आठ दिवस. माझा नाइलाज झाला.

घरी येऊन कंपनीला फोन लावला. तिथे आधी एक यंत्र बोलते. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा, असे करत करत ते म्हणाले, मराठीसाठी सहा दाबा. अक्का, माझे डोळे भरून आले. कुंभकोणमात जन्म काढला, बाहेर सगळे आयुष्य तमिळ बोललो, आपली भाषा घराच्या उंबऱ्याबाहेर कुणी विचारली नाही, आणि हे यंत्र आपण होऊन विचारते आहे. मी सहा दाबले. अक्षया नावाची मुलगी आली, गोड आवाजाची. काय मदत करू, म्हणाली. मी आपल्या आजोबांच्या वळणाने, सभ्यपणे बोललो:

“आपण धाडिलेली समई लोखंडी निघाली. त्याचा इन्साफ व्हावा, इतकीच विनंती.”

मग ती म्हणाली, “सर, ही मराठी कुठली आहे?”

“तंजावरची. आमचे पूर्वज एकोजी राजांबरोबर आले.”

“ओके सर. कधी आले?”

“साडेतीनशे वर्षं झाली.”

“सर, परत करायची मुदत दहाच दिवसांची असते.”

तिची चूक नाही, बिचारी समोरच्या पडद्यावर जे लिहिले असेल ते वाचत होती. गैरसमज दूर झाल्यावर तिने मनापासून नोंद घेतली आणि सांगितले की चार दिवसांत दुसरी समई येईल. मी निर्धास्त झालो. चौथ्या दिवशी समई आली नाही, संदेश आला: ग्राहकाने वस्तूत बदल केला असल्याने ती परत घेता येणार नाही. सोबत तक्रारीबरोबर मीच त्यांना पाठवलेला फोटो होता, त्यातल्या ‘सौ’भोवती लाल वर्तुळ काढलेले. खाली लिहिले होते, आपली तक्रार समाधानकारकरीत्या मिटवण्यात आली आहे. (हे वाक्य वाचून मी फोन पालथा ठेवला. खिडकीत बसून हेच वाक्य मी स्वतः किती जणांच्या कागदावर लिहिले असेल. त्या सगळ्यांना घरी जाऊन असेच वाटले असणार, हे मला कधी सुचले नव्हते.)

आता वास्तुशांतीच्या दिवसाविषयी. सकाळी सात वाजता तुमचा फोन आला, समई कुठवर आली? मी म्हटले, वाटेत आहे. नऊला पुन्हा आला. मी म्हटले, गावात पोचली आहे. अक्का, तेव्हा ती माझ्यासमोर, आमच्याच दिवाणखान्यात उभी होती आणि हंस माझ्याकडे पाहत होता. सौम्येने कोपऱ्यात रांगोळी काढून जागा मोकळी ठेवली होती, गुरुजींनी मुहूर्त दोनदा पुढे ढकलला, आणि शेवटी शेजारच्या बाईंची समई मागून आणावी लागली, हे मला नंतर दाजींकडून कळले. मामाच्या समईच्या जागी शेजारणीची समई. मी खोटे बोललो ते मुद्दाम नाही, खरे सांगायला तोंड नव्हते म्हणून. त्याबद्दल तुम्ही तीन महिने बोलला नाहीत, ते योग्यच झाले. मी तुमच्या जागी असतो तर सहा महिने बोललो नसतो.

पण त्याच दुपारी मी खुर्चीतून उठलो आणि ठरवले की हे प्रकरण सोडायचे नाही. दोन दिवस वाचनालयात बसून ग्राहकांचा कायदा वाचला. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. माल सदोष निघाला, किंवा दाखवला एक आणि दिला दुसराच, तर आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे अर्ज करता येतो. विकणारा हिमालयात बसला असेना का. वकील लागत नाही. एवढ्याशा किमतीच्या वस्तूला फीसुद्धा नाही. दुकानदाराने आपल्या मनाने ‘परत घेणार नाही’ असे म्हटले, म्हणून वाईट माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात राहावा असा नियम नाही. हे सर्व मी एका वहीत उतरवून काढले. मीनाक्षीला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली की हे सगळे वाचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात नाचियारकोविलच्या आठ खेपा झाल्या असत्या. बायकांना कायद्यातली गोडी कळत नाही.

अर्ज गेला, कंपनीला नोटीस गेली. नोटीस मिळताच कंपनीची भाषा एकदम मऊ झाली. पैसे परत देतो, समईही तुम्हीच ठेवा, म्हणू लागले. मी कळवले की मला पैसे नकोत, चित्रातली समई हवी. गेल्या सोमवारी तंजावरला सुनावणी होती. समई जुन्या चादरीत गुंडाळून बसने नेली. कंडक्टरने सामानाचे वेगळे तिकीट फाडले. शेजारच्या बाईंनी चादरीतून डोकावणाऱ्या हंसाला हात लावून नमस्कार केला आणि विचारले, कुठल्या देवळाला? मी म्हटले, कोर्टाला. त्या म्हणाल्या, सगळ्यांना एकदा जावंच लागतं, आणि मला खायला चिंचेच्या भाताचा एक घास दिला.

सुनावणीचा थाट तुम्ही पाहायला हवा होता. मी पांढरा सदरा, वर अंगवस्त्र. कंपनीचा वकील तरुण, काळ्या कोटात घामाघूम. त्याचे म्हणणे, चित्राखाली अगदी बारीक अक्षरांत ‘पितळी झिलई’ असे लिहिले होते, आणि शिवाय ग्राहकाने छिन्नी मारून वस्तू बिघडवली. मी मोठ्या अक्षरांतल्या ‘अस्सल पितळ’चा कागद पुढे ठेवला. मग खिशातून शनिवारवाडा काढला आणि काही न बोलता हंसाच्या पोटाला लावला. टक्, असा आवाज झाला. अध्यक्ष पुढे वाकून पाहू लागले. त्यांनी वकिलाला विचारले, “नाव घातल्यानं पितळेचं लोखंड होतं का?” वकील म्हणाला, त्याविषयी कंपनीकडून सूचना घेऊन सांगतो. मागच्या बाकावर कुणी तरी हसले. अक्का, एकतीस वर्षे मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो होतो. बाहेरच्या बाजूला उभे राहून कुणी आपले म्हणणे ऐकून घेते तेव्हा काय वाटते, ते मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले. परतीच्या बसमध्ये मी समई मांडीवर घेऊन बसलो होतो आणि पापनाशम् गेल्यावर लक्षात आले की मी गुणगुणतो आहे.

पुढची तारीख पुढच्या महिन्याच्या अकराला आहे. अध्यक्षांनी मला एक कागद आणायला सांगितला आहे, त्याविषयी खाली लिहितो. तोपर्यंत तुमचा राग गेला असावा, निदान अर्धा, अशी आशा करतो. थोरल्या बहिणीने धाकट्या भावावर फार काळ रागावू नये. तुमचा राग हेच मला या प्रकरणातले सर्वांत मोठे दुःख आहे. दोन प्रेमाच्या ओळी आल्या तर जेवण गोड लागेल.

तुमचा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
चंद्रमौली

ता. क. — तो कागद असा. अर्जात मी नुकसानभरपाईच्या रकान्यात ‘बहिणीस झालेला तीव्र मनस्ताप’ असे लिहिले आहे. अध्यक्ष म्हणाले, बहिणीचे लेखी म्हणणे कुठे आहे? तेव्हा वर राग सोडावा असे जे लिहिले ते अकरा तारखेनंतर अमलात आणावे. तूर्त कृपा करून एका कागदावर लिहून सही करून पाठवावे की समई न पोचल्याने तुम्हाला अतोनात क्लेश झाले, पाहुण्यांत मान खाली गेली, भावाशी संबंध तुटायची वेळ आली. शक्य तितके कडक लिहावे. मजविषयी अपशब्द असले तरी चालतील, उलट बरे.

ता. क. दुसरा — वर मागितलेल्या प्रेमाच्या ओळी वेगळ्या कागदावर पाठवाव्यात. दोन्ही एकाच कागदावर आल्या तर पुराव्यास बाध येईल.

ता. क. तिसरा, मीनाक्षीच्या हातचा —

वन्सं, सा. न. वि. वि. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिले, म्हणून चार ओळी घालते. यांनी सगळे खरे लिहिले आहे, एक सोडून. पत्तरांकडे नवी समई नव्हती हे खोटे. मी यांच्याबरोबर होते. पत्तरांच्या पडवीत अकरा समया घासूनपुसून रांगेत उभ्या होत्या. पत्तर म्हणालेही, यातली कुठलीही उचला. हे म्हणाले, आता विकत घेतली तर कंपनीला वाटेल आपण हार मानली. सहा आठवडे लागतात ते यांनी विचारून घेतले, कागदावर लिहायला.

वास्तुशांत झाल्यावर चार दिवसांनी मी एकटी बसने गेले आणि त्या अकरांतली चौथी घेऊन आले. सौम्याचे नाव त्याच म्हाताऱ्याकडून पुरते घालून घेतले. पार्सलवर आता माझा विश्वास नाही, म्हणून पुण्याला जाणारे माणूस मिळेपर्यंत तांदळाच्या पिंपामागे ठेवली होती. माझा भाचा गिरीश रविवारच्या गाडीने निघतो आहे, मंगळवारी तुमच्या हातात देईल. उशीर झाला, माझेही चुकले, तेव्हाच बोलायला हवे होते.

यांना अजून सांगितलेले नाही. वन्सं, नोकरी सुटल्यापासून हे आठ महिने त्या खुर्चीत बसून होते. दाढी चार-चार दिवस नाही, पेपर उघडला तर तेच पान दुपारपर्यंत. आता सहाला उठून आंघोळ करतात, वही घेऊन वाचनालयात जातात. परवा समोरच्या घरातल्या विधवा बाईंच्या बिघडलेल्या मिक्सरचा अर्ज यांनी लिहून दिला. रात्री जेवताना मला सगळे पुन्हा सांगतात. कितव्यांदा ते मी मोजत नाही.

म्हणून यांनी मागितलेला कागद तुम्ही जरूर पाठवा. समई मिळाली तरी तीन महिने मनस्ताप झाला तो झालाच, त्यात खोटे काही नाही. कडक लिहा. आणि समई लावाल तेव्हा फोटो माझ्या फोनवर पाठवा. यांच्या फोनवर नको, पाहिला तर खटला मागे घेतील.

तुमची,
मीनाक्षी